दर साडेतीन मिनिटांनी निम्मा उजेड

तापी पश्चिमेला वाहते, हे शाळेत एका मार्कासाठी पाठ केलेलं असतं. शहादा तालुक्यात प्रकाशा गावाजवळ, जिथे गोमाई तापीला मिळते, तिथे कॅमेरा घेऊन बसलं की त्या एका मार्काची किंमत कळते. हिवाळ्यात बॅरेजमुळे पाणी तुडुंब, सूर्य नैऋत्येला मावळतो आणि त्याचा शेवटचा उजेड पात्रावरून तिरपा सरकत येतो.

तो किती झपाट्याने जातो बघा. सूर्य बुडताना उघड्यावर सुमारे ४०० लक्स उजेड असतो. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश उतरला की उरतो तीन-साडेतीन. डिसेंबरात इथे याला सुमारे २४ मिनिटं लागतात. म्हणजे सरासरी दर साडेतीन मिनिटांनी उजेड निम्मा! लंडनच्या जूनमध्ये हीच घसरण पाऊण तास चालते. आपला डोळा इतक्या सफाईने जुळवून घेतो की काही घडतंय असं वाटतच नाही.

आणि नेमका याच वेळी रातबगळा कामाला निघतो. दिवसभर झाडावर पेंगलेला हा गडी ‘क्वाक’ असा घोगरा आवाज देत काठावर उतरतो. त्याचा फोटो काढला की दाणेदार येतो, आणि दोष आयएसओला दिला जातो. आयएसओवर हा उगाच आळ आहे. आलेला उजेड तो फक्त वाढवून दाखवतो. मुळात उजेडच दाणेदार. तो फोटॉन नावाच्या कणांनी येतो, तेही अनियमित. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन येणार असतील तर कमीजास्त होतात वर्गमुळाएवढे, साधारण १००. हा एक टक्क्याचा फरक दिसत नाही. शंभरच येणार असतील तर फरक दहाचा, म्हणजे दहा टक्के. मूठभर रांगोळीने फरशी सलग झाकली जाते, चिमूटभर भुरभुरली की कण न् कण वेगळा दिसतो, तसं हे.

मग करायचं काय? आडवं व्हायचं. उभं राहून वीस मीटरवरच्या संथ पाण्याकडे पाहिलं तर ते आकाशाचा साठेक टक्के उजेड परत पाठवतं. डोळा पाण्यापासून वीतभर-दीडवीत उंचीवर आणला तर नव्वदच्या आसपास. काठ काळवंडतो, पण पक्ष्यामागचं पाणी उजळ राहतं. लेन्सखाली ज्वारी भरलेली पिशवी ठेवावी आणि १/१५ सेकंदावरही बिनधास्त टिपावं, कारण मासा हेरणारा रातबगळा हलतच नाही. उडाला तर मात्र तो फोटो गेला. फ्लॅश नको, त्याची शिकार बिघडवायचा आपल्याला काय अधिकार?

दाणे पुसणारं सॉफ्टवेअर हल्ली झकास चालतं. पण विणीच्या काळात रातबगळ्याच्या मानेमागे दोन-तीन लांब, दोऱ्यासारखी पांढरी पिसं लोंबतात. दाण्यांबरोबर कधी कधी तीही पुसली जातात. मी दाणे ठेवतो.