शुक्राच्या चांदणीवर आपल्या तिघी

आजच्या गप्पा आभाळातल्या आहेत, पण त्या येऊन टेकणार आहेत आपल्या सगळ्यांच्या नावापाशी. तेव्हा हातातलं निवडणं-टिपणं चालू ठेवा आणि ऐका.

पौर्णिमेच्या चंद्रावर काळपट डाग आणि गोल गोल खळगे असतात. शास्त्रज्ञ या खळग्यांना विवरं म्हणतात. ती कशी होतात हे घरीच करून बघता येईल. परातीत पीठ पसरा आणि वरून एक सुपारी टाका. पिठात गोल खड्डा पडतो, कडेला पीठ उडून वरंबा तयार होतो. आभाळातून वेगाने येणारे दगडधोंडे चंद्रावर असेच आदळले. चंद्रावर हवा नाही, पाऊस नाही, त्यामुळे तिथला खड्डा कोट्यवधी वर्षं बुजत नाही.

आता इतके खळगे म्हटल्यावर त्यांना नावं हवीतच. आपण नाही का शेताच्या प्रत्येक तुकड्याला नाव देत? वडाची पट्टी, विहिरीचं वावर, माळाचं रान. नाव नसेल तर कोणत्या तुकड्याबद्दल बोलतोय हे दुसऱ्याला कळायचं कसं? आभाळातल्या जागांच्या नावांचा निवाडा आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघ करतो. ही संस्था १९१९ साली स्थापन झाली. प्रत्येक ग्रहासाठी आणि चंद्रासाठी तिने वेगळा नियम ठरवला आहे.

आपल्या चंद्रावरच्या विवरांना मुख्यतः शास्त्रज्ञांची आणि विद्वानांची नावं आहेत. त्यात आपले आर्यभट आहेत, विक्रम साराभाई आहेत, मुंबईचे होमी भाभाही आहेत. बायकांची नावं मात्र अगदी मोजकी. आपल्याकडे चंद्र म्हणजे चांदोमामा, आणि मामाच्या अंगावर बहुतेक पुरुषांचीच नावं!

दूरच्या ग्रहांच्या चंद्रांना मात्र गोष्टींमधली नावं मिळाली. शनीला खूप चंद्र आहेत. त्यातल्या एन्सेलाडस नावाच्या चंद्रावर अरबी कथांमधले अलादीन, अलीबाबा, सिंदबाद आणि गोष्टी सांगणारी शहरजाद आहे. शनीच्याच रीया नावाच्या चंद्रावर सृष्टी कशी जन्मली हे सांगणाऱ्या जुन्या कथांमधली नावं आहेत. गुरूच्या कॅलिस्टो नावाच्या चंद्रावर युरोपातल्या थंड प्रदेशातल्या पुराणकथांची माणसं आहेत. जुन्या कथांमधली नावं घेण्यात एक सोय आहे. अलीकडच्या राजांची, पुढाऱ्यांची, सेनापतींची नावं घेतली तर देशादेशांत भांडणं लागतील. पुराणातल्या माणसावरून कोण कशाला भांडेल?

आणि आता येऊया शुक्रावर. शुक्र आपल्या ओळखीचा आहे. कधी दिवेलागणीला पश्चिमेकडे, तर कधी पहाटे पूर्वेकडे जी टपोरी, न लुकलुकणारी चांदणी दिसते, ती शुक्राची चांदणी. रात्रीच्या आभाळात चंद्राखालोखाल तीच तेजस्वी. आपल्या पुराणात शुक्र म्हणजे असुरांचे गुरू शुक्राचार्य. पण युरोपात या ग्रहाला प्रेमाच्या देवीचं, व्हीनसचं नाव आहे. म्हणून शुक्रासाठी ठरलं की इथल्या जागांना नावं द्यायची ती बायकांची आणि देवींचीच. या नियमाआधी दिलं गेलेलं एका पुरुष शास्त्रज्ञाचं नाव तेवढं एका पर्वताला राहिलं आहे, मॅक्सवेल. बाकी जवळजवळ सगळं बायकांचं राज्य.

या राज्यात आपली लक्ष्मीसुद्धा आहे. शुक्रावर एक भलंमोठं पठार आहे, त्याचं नाव लक्ष्मी. एका पर्वताला उषा देवीचं नाव आहे. विवरांचा नियम आणखी मजेदार आहे. वीस किलोमीटरपेक्षा मोठं विवर असेल तर त्याला नावाजलेल्या बाईचं नाव. त्याहून लहान असेल तर जगातल्या कोणत्याही भाषेतलं बाईचं साधं नाव, जसं आपल्याकडे सुमन, कुसुम, शेवंता असतं तसं.

तुम्ही म्हणाल, शुक्र ढगांनी झाकलेला, मग हे खळगे दिसले कसे? खरंच, शुक्रावर इतके दाट ढग आहेत की मोठ्या दुर्बिणीतूनही त्याची जमीन दिसत नाही. तिथे उष्णता साधारण ४६० अंश, म्हणजे शिसंसुद्धा वितळून जाईल. हवेचा दाब आपल्या नव्वदपट. रशियाची यानं तिथे उतरली, पण कोणतंच दोन-सव्वादोन तासांपेक्षा जास्त टिकलं नाही. मग अमेरिकेने मॅगेलन नावाचं यान पाठवलं. ते १९९० ते १९९४ शुक्राभोवती फिरलं. त्याने रडार वापरलं. वटवाघूळ अंधारात आवाज सोडतं आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून समोरची भिंत ओळखतं, तसंच हे. रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात आणि जमिनीवर आपटून परत येतात. त्यावरून शुक्राच्या ९८ टक्के जमिनीचा नकाशा तयार झाला. त्यात नऊशेवर विवरं दिसली आणि नावांची मोठी यादी लागली.

त्या यादीत आपल्या तिघी आहेत. नकाशावर त्यांची नावं लिहिलेली आहेत अशी: जोशी, मेधावी, झिराड.

ओळखल्या का? पहिली कदाचित ओळखली असेल. पण नुसतं आडनाव वाचून बाकीच्या दोघी ओळखणं अवघड आहे. एकेकीची ओळख करून घेऊ.

पहिल्या आनंदीबाई जोशी. १८६५ साली कल्याणच्या घरात जन्मलेली ही मुलगी, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं, तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं गेलं, आनंदी. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. बाईला तपासायला बाई डॉक्टर नाही, म्हणून लेकरं आणि आया जातात, हे तिच्या मनाला लागलं. नवरा पोस्टात नोकरीला, बदलीच्या गावोगावी ती शिकत राहिली, मुंबईतही शाळेत गेली. १८८३ साली नवऱ्याशिवाय बोटीने अमेरिकेला गेली आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती मुंबई बंदरात उतरली, तेव्हा क्षयाने पोखरलेली होती. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक झालेली होती, पण रुजू होता आलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात तिने प्राण सोडला, तेव्हा बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

शुक्रावरचं तिचं विवर सुमारे ३४ किलोमीटर रुंद आहे. केवढं ते सांगते. आपल्या देशातली प्रवाशांची पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली, ते अंतरही ३४ किलोमीटरच. बोरीबंदरला गाडीत बसा. भायखळा, परळ, दादर, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड करत ठाण्याला उतरा. एवढ्या प्रवासात जेवढी मुंबई मागे पडते, तेवढं आनंदीबाईंचं विवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

दुसऱ्या मेधावी. या म्हणजे पंडिता रमाबाई! वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला आणि लेकीला संस्कृत शिकवलं. रमाबाईंच्या विद्वत्तेवरून कोलकात्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता म्हटलं. १८८० साली त्यांनी दुसऱ्या जातीतल्या, दुसऱ्या भाषेतल्या बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. दोन वर्षं होण्याआधीच ते वारले, मागे एक तान्ही लेक. आनंदीबाईंना पदवी मिळाली, तेव्हा तो सोहळा बघायला रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम अमेरिकेला गेल्या. आणि बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ रोजी, त्यांनी मुंबईत गिरगावच्या चौपाटीवर शारदासदन सुरू केलं. विधवांनी तिथे राहावं, शिकावं, पायावर उभं राहावं म्हणून. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होती कोकणातली बालविधवा गोदूबाई. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती बाया कर्वे म्हणून ओळखली जाऊ लागली. शारदासदन नंतर पुण्याला गेलं, आणि रमाबाईंचं मोठं काम केडगावला उभं राहिलं.

तिसऱ्या डॉक्टर जेरुशा झिराड. कोकणात शेकडो वर्षं राहिलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजातल्या. या समाजातल्या अनेकांची आडनावं गावांवरून आली आहेत. अलिबागजवळ झिराड नावाचं गाव आहे, त्यावरून हे आडनाव. म्हणजे बघा, रायगड जिल्ह्यातल्या एका खेड्याचं नाव थेट शुक्रावर पोचलं! मुंबईत सीएसएमटी स्टेशनजवळ कामा रुग्णालय आहे. बाई डॉक्टरांनी बायकांवर उपचार करावेत म्हणून पेस्तनजी कामा यांच्या देणगीतून ते उभं राहिलं आणि १८८६ साली सुरू झालं. आनंदीबाई डॉक्टर झाल्या तेच हे वर्ष. जेरुशाबाई भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकल्या, १९१९ साली लंडनची एम.डी. झाल्या आणि १९२८ ते १९४७ अशी एकोणीस वर्षं त्यांनी कामा रुग्णालय सांभाळलं. बाळंतपणात बायका का दगावतात, याची मुंबईत त्यांनी पाहणी केली. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आनंदीबाईंना जे काम करायला आयुष्य पुरलं नाही, ते जेरुशाबाईंनी जन्मभर केलं.

आता पुन्हा नकाशावरची नावं बघा. यमुनेची आनंदी झाली, आणि शुक्रावर उरलं सासरचं आडनाव. पंडिता रमाबाई हे नाव महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे, पण शुक्रावर आहे दोन वर्षांच्या संसारातलं मेधावी. जेरुशाबाईंनी लग्न केलं नाही, त्यांचं जन्माचंच आडनाव राहिलं. नियम वाईट हेतूने केलेला नाही. मोठ्या माणसांची आडनावं लावायची पद्धत चंद्रावरून आली. पण पुरुषाचं आडनाव जन्मभर एकच असतं, बाईचं बदलतं. त्यामुळे मोठ्या बायकांची ओळख आडनावात लपली, आणि लहान विवरांवरच्या साध्या नावाच्या बायका मात्र उघड दिसतात.

म्हणूनच मैत्रिणींनो, नाव लागलं एवढ्यावर थांबायचं नाही. ते कोणतं लागलं, कुठे लागलं, आणि त्यावरून पुढच्याला आपण कळतो का, हेही बघायचं. आपल्याकडेही हे हळूहळू बदलतं आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहितात. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९०च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली आणि हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. पुढे सरकारनेही लक्ष्मीमुक्ती योजना आणली. नवऱ्याच्या संमतीने त्याच्या हयातीतच सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावता येतं. ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावरही दोघांची नावं लावता येतात. शुक्रावर लक्ष्मीचं पठार आहे, पण आपल्या गावच्या सातबाऱ्यावर किती लक्ष्म्या आहेत?

एक सावधगिरीची गोष्टही सांगते. तुमच्या लेकीच्या नावाने तारा घ्या, प्रमाणपत्र देतो, असं सांगून काही जण पैसे घेतात. त्या नावाला खगोलशास्त्र संघाची मान्यता नसते. आभाळातली जागा विकत मिळत नाही. विवराला ज्या व्यक्तीचं नाव द्यायचं, ती जाऊन निदान तीन वर्षं झालेली असावी लागतात, आणि शास्त्रज्ञांना त्या जागेचं काम असावं लागतं. तेव्हा असल्या प्रमाणपत्रावर पैसे घालवू नका.

गटाच्या पुढच्या बैठकीला एक काम करा. प्रत्येकीने घरचा सातबारा आणि घराचा उतारा आणावा. ज्यांना वाचता येतं त्यांनी इतरांना वाचून दाखवावं. आपलं नाव त्यावर आहे का, बरोबर लिहिलं आहे का, आधार कार्डाशी, बँकेच्या पासबुकाशी जुळतं का, ते तपासा. जिथे नाही तिथे तलाठ्याकडे, ग्रामसेवकाकडे कसा अर्ज करायचा, ते एकीने विचारून यावं आणि सगळ्यांना सांगावं. गटाच्या रजिस्टरमध्ये कोणाचं नाव नुसतंच सौ. अमुक असं नवऱ्याच्या नावाने असेल, तर तिथे तिचं स्वतःचं नाव लिहा.

आणि बैठक उरकल्यावर शुक्राची चांदणी दिसली, तर बायाबापड्यांना, लेकीसुनांना ती दाखवा. सांगा, तिथे आनंदी आहे, रमा आहे, जेरुशा आहे. नकाशावर त्यांची आडनावं आहेत, नावं आपण सांगायची.