शीरखुर्म्यात मेपल सिरप?

कॅनडात शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मुलांच्या बॅगेतून मेपल सिरपची बाटली आता इकडच्या स्वयंपाकघरात पोचते. मोठ्या शहरांतल्या दुकानांतही ती मिळते. सोबत फोनवरून सल्ला येतो : ‘अम्मी, साखर बंद करा. हे नैसर्गिक आहे.’ रमजानमध्ये हा सल्ला पटकन पटतो. दिवसभराच्या रोजानंतर सरबत, फालुदा, फिरनी असे गोड एकामागून एक पुढे येते आणि घरात मधुमेह असलेले कुणी ना कुणी असतेच.

वस्तू अस्सल आहे, यात शंका नाही. जगातले बहुतांश मेपल सिरप कॅनडातून, त्यातही क्युबेक प्रांतातून येते. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आहे आणि नेमका तेव्हाच तिकडचा हंगाम असतो. रात्री पाणी गोठवणारी थंडी, दिवसा बर्फ वितळवणारे ऊन, असे दिवस आले की मेपलच्या झाडातून रस वाहू लागतो. खोडाला लहानसे भोक पाडून नळी बसवतात. रस चाखला तर पाणीच वाटावे, कारण त्यात साखर जेमतेम 2 टक्के. असा सुमारे 40 लिटर रस आटवला की 1 लिटर सिरप हाती लागते. युरोपीय लोक तिथे जाण्याआधीपासून मूळ रहिवाशांना ही रीत ठाऊक होती. गुऱ्हाळावर काहिलीत उसाचा रस उकळताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्यातली मेहनत वेगळी सांगायला नको. उसाचा रस मुळातच गोड, म्हणून तो एवढा आटवावा लागत नाही इतकेच.

पण मेहनतीने मिळाले म्हणून ते औषध होत नाही. मेपल सिरपमध्ये सुमारे दोन तृतीयांश साखर असते, उरलेले बहुतेक पाणी. ही साखरही मुख्यतः सुक्रोज, म्हणजे डब्यातल्या पांढऱ्या साखरेत असते तीच. मँगनीज आणि रायबोफ्लेविन त्यात चांगले असते आणि रक्तातली साखर ते थोडी सावकाश वाढवते, हे खरे. तरी एका मोठ्या चमच्यात साधारण 12 ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये मर्यादा सुचवली ती रोजच्या उष्मांकाच्या 10 टक्क्यांहून कमी. जमल्यास 5 टक्क्यांहून कमी, म्हणजे सुमारे 25 ग्रॅम. या हिशेबात मध आणि सिरप साखरेतच धरले आहेत. ‘आमच्याकडे साखर नाही, फक्त गूळ’ असे अभिमानाने सांगणाऱ्या घरांनाही यातून सूट नाही.

बाटली घेतलीच, तर लेबल वाचावे. ‘पॅनकेक सिरप’ नावाने विकले जाते ते बहुधा मक्याच्या सिरपला मेपलचा वास लावलेले असते. अस्सल बाटलीवर घटक एकच असतो. एवढी महागडी चीज दुधाच्या पातेल्यात ओतणे तशी उधळपट्टीच. तिची चव दह्यावर किंवा फळांवर एक चमचा घातली तरच कळते.

मधुमेह असूनही रोजा ठेवायचा असेल, तर औषधांच्या वेळा आणि मात्रा डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्याव्या लागतात. मेपल असो की मध, साखर बदलून ते काम टळत नाही. रोजात रक्तातली साखर फार खाली गेली, तर तोही धोकाच.

राहिला ईदचा शीरखुर्मा. फारसीत ‘शीर’ म्हणजे दूध आणि ‘खुर्मा’ म्हणजे खजूर. साखर नावातही नाही. ती नंतर आली आणि आता वाटीने मोजली जाते. खजुरातही साखर भरपूर असते, पण ती तंतूंसकट पोटात जाते. खारीक रात्रभर भिजवून, बारीक कापून दुधात मंद आचेवर शिजू दिली, तर गोडी दुधात उतरते. मग चव पाहायची आणि कमी वाटली, तरच साखरेचा डबा उघडायचा. नेहमीच्या निम्मी साखर घालून पाहुण्यांना वाढावी. चारोळी, बदाम आणि वेलचीच्या वासात फरक फारसा कुणाच्या लक्षात येत नाही.