दहा दिवसांचे पाहुणे

मिरजेचे डॉक्टर वानलेस हें नांव महाराष्ट्रांतील जुन्या घरांतून अजून आदरानें घेतलें जातें. हे गृहस्थ १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले, १८९४ मध्यें त्यांनीं मिरजेस रुग्णालय उघडलें, आणि १९२८ पर्यंत, म्हणजे तीन तपांहून अधिक काळ, या देशांत राहून रुग्णसेवा केली. त्यांच्याही पुष्कळ पूर्वीं, १८१३ मध्यें, गॉर्डन हॉल नांवाचे अमेरिकन पाद्री मुंबईस उतरले. मराठी शिकले, मराठींत उपदेश करूं लागले, आणि १८२६ मध्यें नाशिकच्या बाजूस प्रवासांत असतां पटकीनें वारले. मिशनरी म्हटला कीं मराठी श्रोत्याच्या डोळ्यांपुढें अशी मूर्ति उभी राहते: परक्या देशांत यावयाचें, तेथील भाषा जिभेवर चढवावयाची, आणि आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें तेथेंच खर्ची घालावयाचीं.

गेल्या साठ-सत्तर वर्षांत या मूर्तीशेजारीं एक निराळीच मूर्ति येऊन उभी राहिली आहे. ती परदेशीं जाते खरी, पण परतीचें तिकीट खिशांत घेऊनच. १९५७ सालीं जॉर्ज व्हर्वर नांवाचा एक अमेरिकन विद्यार्थी दोन मित्रांना बरोबर घेऊन धर्मग्रंथ वांटण्यासाठीं मेक्सिकोंत गेला. १९६० मध्यें लोरेन कनिंगहॅम यांनीं तरुणांना थोड्या मुदतीसाठीं परदेशीं धाडणारी एक संस्था काढली. पुढें जेट विमानें आलीं, सुट्ट्या वाढल्या, आणि जें मूठभर उत्साही तरुणांचें साहस होतें, तें साध्या मंडळीच्या वार्षिक कार्यक्रमपत्रिकेंत जाऊन बसलें. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनीं २००५ च्या पाहणीवरून असा अंदाज केला कीं, अमेरिकेंतील चर्चांचे सुमारें १६ लक्ष सभासद वर्षाकांठीं अशा अल्पकालीन सेवायात्रेस परदेशीं जातात.

या यात्रेची घडण सामान्यतः अशी असते. हिवाळ्यांत पाळक उपासनेनंतर घोषणा करतात. पंधरा-वीस जणांचें पथक जमतें. त्यांत एखादा दंतवैद्य, एखादी शिक्षिका, विमा कंपनींतला कारकून, निवृत्त सुतार, आणि निम्मीं तरी शाळा-कॉलेजांतलीं मुलें. प्रत्येकानें आपल्या वांट्याचा खर्च उभा करावयाचा. त्यासाठीं नातलगांस व शेजाऱ्यांस पत्रें लिहावयाचीं, शनिवारीं चर्चच्या आवारांत लोकांच्या मोटारी धुऊन पैसे जमवावयाचे. विषमज्वराची लस टोंचून घ्यावयाची, हिवतापाच्या गोळ्या बरोबर घ्यावयाच्या, आणि ‘देव तुमचें भलें करो’ एवढें स्पॅनिश पाठ करावयाचें. एकाच रंगाचे सदरे घातलेलें हें पथक शनिवारीं विमानानें निघतें. रविवारीं तेथील चर्चमध्यें उपासना, सोमवारपासून काम, शेवटीं एखादा दिवस समुद्रकिनारा किंवा प्राचीन अवशेष पाहण्यांत, आणि मग परतीचें विमान. घरीं आल्यावर मंडळीसमोर चित्रें दाखवून अहवाल सादर होतो, आणि तो देतांना कित्येकांच्या डोळ्यांत पाणी उभें राहतें. तें पाणी खोटें नसतें, हें आधींच सांगून ठेवलेलें बरें. कारण पुढें जो हिशेब यावयाचा आहे, तो या मंडळींच्या हेतूचा नसून त्यांच्या कामाचा आहे.

हा प्रकार नीट समजून घ्यावयाचा तर होंडुरासचें उदाहरण घ्यावें. मध्य अमेरिकेंतील हा लहानसा, गरीब देश. १९९८ च्या ऑक्टोबर अखेरीस कॅरिबियन समुद्रांत ‘मिच’ नांवाचें चक्रीवादळ उठलें. भर समुद्रांत त्याच्या वाऱ्याचा वेग ताशीं २८५ किलोमीटरपर्यंत गेला होता. किनाऱ्याशीं येतां येतां वारा मंदावला, पण वादळ पुढें सरकेना, आणि पाऊस कांहीं केल्या थांबेना. वाऱ्यापेक्षां पाण्यानेंच घात केला. डोंगर खचले, नद्यांनीं पात्रें बदललीं. एकट्या होंडुरासमध्यें सुमारें सात हजार माणसें गेलीं, आणि पंधरा लक्षांपर्यंत लोक, म्हणजे देशांतील दर पांचांपैकीं एक, बेघर झाले. राजधानी तेगुसिगाल्पाचे महापौर सेसार कास्तेयानोस नुकसानीची पाहणी करीत असतां हेलिकॉप्टर कोसळून १ नोव्हेंबर रोजीं मरण पावले. दक्षिणेंत चोलुतेका नदीवर जपानच्या मदतीनें नुकताच एक नवा पूल झाला होता. त्या पुलाचा टवकाही उडाला नाहीं. परंतु दोन्ही बाजूंचे रस्ते वाहून गेले, आणि नदी पुलाखालून वाहण्याचें सोडून शेजारून वाहूं लागली. पूल शाबूत आणि निरुपयोगी, असें तें चित्र पुढें जगभर गाजलें.

या आपत्तीनंतर उत्तर अमेरिकेंतील चर्चांचीं पथकें होंडुरासमध्यें घरें बांधण्यास येऊं लागलीं. घर म्हणजे सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती, वर पत्रा, खालीं कोबा. ‘घर पाहावें बांधून’ या आपल्या म्हणींतली यातायात पाहुण्यांना दोन दिवसांतच कळून येते. गवंडीकाम त्यांना येत नसतें. म्हणून वाळू चाळणें, फावड्यानें माल कालविणें, बादल्या हातोहात पोंचविणें, ठोकळे वाहणें, सळया तारेनें बांधणें हीं कामें त्यांच्या वांट्यास येतात. ओळंबा असतो तो गांवच्या गवंड्याच्या हातांत. पाहुण्यांनीं दिवसा रचलेला वांकडा थर गवंड्यानें रात्रीं हळूच उतरवून सरळ केला, अशी गोष्ट अशा कामांविषयीं हंसत सांगितली जाते. ती प्रत्येक ठिकाणीं घडली असेल असें नाहीं. पण लोकांना ती सांगावीशी वाटते, यांतच कांहीं आलें.

कर्ट व्हर बीक हे त्या वेळीं अमेरिकेंतील कॅल्विन कॉलेजचे समाजशास्त्रज्ञ होते. ते स्वतः ख्रिस्ती श्रद्धेचे, आणि होंडुरासमध्यें अनेक वर्षें राहिलेले. म्हणजे बाहेरून दोष काढणारे टीकाकार नव्हेत. पाहुण्यांनीं बांधलेलीं घरें आणि होंडुरासच्याच संस्थांनीं बांधलेलीं घरें यांची त्यांनीं तुलना केली, आणि २००६ मध्यें ती प्रसिद्ध केली. एका घरास खर्च सुमारें दोन हजार डॉलर. तें बांधावयास येणाऱ्या पथकाचा प्रवासादि खर्च सरासरीनें सुमारें तीस हजार डॉलर. चौथींतल्या मुलालाही हा भागाकार येतो: पाहुण्यांच्या येण्याजाण्याच्या पैशांत आणखी पंधरा घरें उभीं राहिलीं असतीं. शिवाय, पाहुण्यांच्या घरांत राहणारीं कुटुंबें आणि स्थानिक लोकांनीं बांधलेल्या घरांत राहणारीं कुटुंबें यांच्या पुढील आयुष्यांत म्हणण्यासारखा फरक व्हर बीक यांना आढळला नाहीं. छप्पर तें छप्पर. तें कोणीं चढविलें याची पावसाला काय पर्वा!

दुसरा निष्कर्ष अधिक बोंचणारा होता. यात्रेच्या समर्थकांचा मुख्य आधार असा कीं, एका घराचें सोडून द्या, पण जाऊन आलेल्या माणसाचें मन बदलतें, तो पुढें आयुष्यभर अधिक दान करतो, अधिक सेवा करतो. आपलें दान वाढलें असें पुष्कळ यात्रेकरूंनीं व्हर बीक यांना लिहूनही दिलें. मात्र संस्थेच्या जमाखर्चाच्या वह्यांनीं त्यास फारसा दुजोरा दिला नाहीं. माणसें खोटें बोललीं असें यावरून म्हणतां येत नाहीं. पंढरीहून परतलेल्या वारकऱ्यालाही चार दिवस सारा संसार हलका वाटतो. पण वारकरी दरसाल वारी करतो, आणि वर्षभर गळ्यांत माळ बाळगतो. दहा दिवसांच्या यात्रेमागें असा नेम नसेल, तर घरच्या धबडग्यांत तो उमाळा ओसरल्यास नवल नाहीं.

भागाकाराला एक उत्तर नेहमीं दिलें जातें, आणि तें टाकाऊ नाहीं. जे तीस हजार डॉलर तिकिटासाठीं जमले, ते नुसत्या घरांसाठीं जमलेच नसते. शेजारच्या सतरा वर्षांच्या मुलीला परदेशीं जावयाचें आहे म्हणून शेजारी पन्नास डॉलर देतो. होंडुरासमधील अनोळखी कुटुंबासाठीं तो पाकीट उघडीलच असें नाहीं. हें खरें आहे. परंतु तें खरें मानलें, तर हा खर्च मुलीच्या शिक्षणाचा आहे हें मोकळेपणानें मान्य करावें लागतें. शिक्षणावर खर्च करणें यांत गैर कांहींच नाहीं. गैर होतें तें त्या खर्चाला दुसऱ्याच्या गरिबीचें नांव देण्यांत. आणखी एक गोष्ट हिशेबाच्या वहींत येत नाहीं. पथक वाळू चाळीत असतें, तेव्हां त्या गांवांतले कामावांचून बसलेले तरुण कडेला उभे राहून पाहत असतात. तीच वाळू चाळण्याची मजुरी त्यांच्यापैकीं चौघांना मिळाली असती.

ज्या कुटुंबासाठीं हें सारें चाललेलें असतें, त्याच्या बाजूनें पाहिलें म्हणजे गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. घराची बाई पहांटे उठून पाहुण्यांसाठीं मक्याच्या भाकरी थापते, घेवडा शिजविते. तिला विचारलें असतां ती ‘फार चांगले लोक’ असेंच सांगणार. ज्यानें छप्पर दिलें त्याच्या तोंडावर दुसरें काय सांगावयाचें असतें? दुभाष्याच्या तोंडून तर तेंही गुळगुळीत होऊन येतें. पण तेवढ्यावरून तिचा आनंद केवळ शिष्टाचाराचा ठरवूं नये. सर्वस्व वाहून गेलेल्या घरीं कोणी हजारों मैलांवरून येतें, ओट्यावर बसून तिच्या हातची भाकरी खातें, तिच्या मुलाशीं चेंडू खेळतें, याला किंमत असते. आणि ती डॉलरांत मोजतां येत नाहीं म्हणून शून्य धरणें हें गणित चुकीचें आहे.

वैद्यकीय पथकांची स्थिति याहून नाजूक. शाळेच्या वर्गांत टेबल मांडून दिवसभरांत शेंकडों रोगी तपासले जातात. जंतांचें औषध, दांत काढणें, जुन्या चष्म्यांचें वांटप, हीं कामें एका भेटींत उरकण्यासारखीं आहेत. रक्तदाबाचें व मधुमेहाचें तसें नाहीं. महिनाभराच्या गोळ्यांची पुडी हातीं देऊन डॉक्टर विमानांत बसतो. एकतिसाव्या दिवशीं रोग्यानें काय करावें, हें गांवच्या दवाखान्याला विचारून ठरविलेलें असेल तरच त्या पुडीला अर्थ.

चांगुलपणाला स्थानिक माहितीची जोड नसली म्हणजे प्रकरण कोठवर जातें, तें हैतींत दिसून आलें. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानें त्या देशाची राजधानी जमीनदोस्त झाली. थोड्याच दिवसांत अमेरिकेच्या आयडाहो राज्यांतील बॅप्टिस्ट मंडळींचें एक पथक अनाथ मुलांना सोडविण्यासाठीं म्हणून तेथें पोंचलें, आणि २९ जानेवारीला ३३ मुलांना बसमध्यें घालून शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकमध्यें नेऊं लागलें. योग्य कागदपत्रें नव्हतीं. सरहद्दीवर दहा जणांस अटक झाली. चौकशींत दिसलें कीं हीं मुलें बहुतेक अनाथ नव्हतींच. त्यांचे आईबाप हयात होते. शाळा मिळेल, पोटभर अन्न मिळेल या आशेनें कित्येक आईबापांनीं स्वतःच तीं सुपूर्द केलीं होतीं. पुढें बहुतेक मुलें घरीं परतलीं, पथकांतील इतर सुटले, आणि म्होरक्या बाईला बेकायदा प्रवासाची व्यवस्था केल्याबद्दल दोषी ठरवून, भोगलेल्या कैदेवर सोडण्यांत आलें. त्या पथकांतील मंडळी मुलांचे व्यापारी होते असें मानण्याचें कारण नाहीं. पण त्या घरांना हवी होती ती मुलांसह राहण्यापुरती मदत. पाहुण्यांनीं तेवढें विचारलें असतें तर बस भरलीच नसती.

उलट, विचारून केलेल्या कामाचें उदाहरण पुण्याच्या वाटेवरच सांपडतें. २००६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत लोणावळ्याजवळ, मळवलीच्या परिसरांत, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर पत्नीसह घरें बांधावयास आले होते. देशी-परदेशी मिळून सुमारें दोन हजार स्वयंसेवक, एक आठवडा, आणि शंभर घरें. ही योजना ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेची. मिलर्ड व लिंडा फुलर या दांपत्यानें ख्रिस्ती श्रद्धेंतून ती १९७६ मध्यें स्थापिली. तिचें मूळ सूत्र असें कीं घर भिक्षा म्हणून द्यावयाचें नाहीं. कुटुंबानें स्वतः अंगमेहनत करावयाची, आणि घराची किंमत नफ्यावांचून हप्त्याहप्त्यानें फेडावयाची. पाहुणा येवो न येवो, घर कोणाला, कोठें आणि कसें, हें त्याच्या येण्यापूर्वीं ठरलेलें असतें. छायाचित्रांत अर्थातच पाहुणेच पुढें दिसतात.

होंडुरासमध्येंही आतां शहाणीं पथकें याच वळणानें जातात. तीं बोलावल्यावांचून जात नाहींत. दरसाल त्याच गांवीं जातात, त्यामुळें तिसऱ्या खेपेस मुलांचीं नांवें दुभाष्यावांचून आठवतात. घर कोणास द्यावयाचें तें गांवची समिति ठरविते. आणि कांहीं मंडळ्या तर वीसांऐवजीं चारच माणसें धाडून उरलेलें भाडें सिमेंटासाठीं पाठवितात. अशा कामांत पाहुण्यांची बस निघतांना घर क्वचितच पुरें झालेलें असतें. बस गेल्यावर घरची बाई भांडीं घासून ठेवते, आणि सोमवारीं सकाळीं गांवचा गवंडी राहिलेली चौकट बसवावयास येतो.