त्रुटित चित्रफितीचें संधान

पोथ्यांच्या संशोधनास वाहिलेल्या पृष्ठांवर व्हिडिओ कॅसेटविषयीं टिपण पाहून वाचकांस नवल वाटेल. परंतु जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागांत ज्यानें जुने लेख धुंडाळले आहेत, त्यास एक गोष्ट खचित पटेल, कीं या प्रदेशाचें पुष्कळसें ज्ञान कागदावर कधीं उतरलेंच नाहीं. तें तारप्याच्या सुरांत, लग्नगीतांत व बोहाड्याच्या सोंगांत राहिलें. त्यांतील जें कांहीं गेल्या शतकाच्या अखेरीस कोणा हौशी माणसानें फितीवर टिपलें, तेंच आज आपलें हस्तलिखित होय. आणि बहुधा त्याची प्रति एकच असते.

जामसर येथील एका घरची अशी कॅसेट मजकडे आली. तींत बोहाडा होता. मुखवटा लावून संबळाच्या ठेक्यावर नाचणारे त्या घरचे आजोबा आतां हयात नाहींत. यंत्रांत अडकून फीत तुटली होती, व घरचीं माणसें ती टाकून देण्याच्या विचारांत होतीं. त्या निमित्तानें जें करावें लागलें, तें येथें क्रमानें सांगतों.

प्रथम फितीची रचना ध्यानांत घ्यावी. व्ही. एच. एस. ही पद्धति जपानांत १९७६ सालीं प्रचारांत आली. तिची फीत १२.७ मिलीमीटर रुंद असून पॉलिएस्टरच्या पातळ पट्टीवर चुंबकीय कणांचा लेप असतो. आपल्याकडील पॅल पद्धतींत ती सेकंदास सुमारें २३.४ मिलीमीटर सरकते. मात्र चित्राची एकेक रेघ तीवर तिरपी व जवळजवळ १० सेंटीमीटर लांब लिहिलेली असते. यास्तव एका आडव्या छेदानें सुमारें दोनशें रेघा दुभंगतात, व चारएक सेकंदांचें चित्र विस्कटतें. हानि एवढीच, बाकीचा ग्रंथ शाबूत राहतो.

आतां कृति. हात धुऊन कोरडे करावे, अथवा सुती हातमोजे घालावे. कॅसेट पालथी ठेवून तळाचे पांच स्क्रू काढावे. मग दोन्ही अर्धे घट्ट धरून ती सुलटी करावी व वरचा भाग हळूच उचलावा. फीत कोठून कशी फिरते याची आकृति तत्काळ काढून ठेवावी, कारण नंतर स्मरणावर विसंबणें धोक्याचें असतें. चुरगळलेला भाग मऊ कापडानें सारखा करावा. इस्त्री कदापि फिरवूं नये. दोन्ही टोकें एकावर एक ठेवून धारदार पात्यानें एकदमच सरळ कापावीं, म्हणजे तीं तंतोतंत जुळतात. मध्यें फट राहूं नये, टोकावर टोकही चढूं नये. जोडपट्टी पाठीवर, म्हणजे कॅसेटच्या आंतल्या अंगास येणाऱ्या बाजूवर लावावी. बाहेरील अंगावर लेख असतो. पट्टी फितीच्या जोडकामासाठींच केलेली असावी. कचेरींतील चिकटपट्टीचा गोंद कालांतरानें पाझरतो व शेजारचे वेढे एकमेकांस चिकटवितो. कापलेला तुकडा फेकूं नये. पाकिटांत घालून कॅसेटबरोबर ठेवावा.

फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसल्यास ती बुरशी जाणावी. आपल्या मुसळधार पावसाच्या मुलखांत ती दुर्मिळ नाहीं. अशी फीत यंत्रांत घालूं नये. तिचा संसर्ग यंत्राद्वारें दुसऱ्या फितींस होतो. तें काम जाणत्याकडे सोंपवावें.

जोडलेली फीत पुनःपुन्हां पाहण्यासाठीं नसते. यंत्रांतील शीर्ष सेकंदास पंचवीस फेरे घेतें; जोड त्यावरून जातांना उचकटला, तर फीत व यंत्र दोहोंस अपाय होतो. म्हणून जोड हा केवळ एका प्रतिलिपीपुरता समजावा. त्याच वेळीं संगणकावर नक्कल उतरवावी, व तिच्या दोन प्रति दोन ठिकाणीं ठेवाव्या. विलंबास आतां अवसरही थोडा आहे; अशीं यंत्रें करणाऱ्या शेवटच्या जपानी कारखान्यानें २०१६ सालीं तें काम बंद केलें.

सर्वांत महत्त्वाचें तें असें, कीं नकलेंतील विस्कटलेलीं सेकंदें कापून चित्र सलग भासवूं नये. पोथींत पान गहाळ असतां आपण ‘त्रुटित’ असें नमूद करतों, तद्वत् येथेंही तुटीची जागा व जोडाची तिथि लिहून ठेवावी. मूळ फीत पूर्ण व सारखी गुंडाळून, कोरड्या जागीं उभी ठेवावी. तेल, पाणी आणि सैल बंधन यांपासून ग्रंथाचें रक्षण करावें, अशी जुन्या लेखकांची पोथीच्या अखेरीस विनवणी असे. ती या फितीसही लागू पडते.

त्या घरीं नक्कल दाखविली, तेव्हां चार सेकंद पडद्यावर नुसती खळबळ दिसली. मग संबळ स्पष्ट ऐकूं आला, आणि मुखवट्याआडची चाल नातवंडांनीं ओळखली. संशोधकास याहून निराळा पुरावा नको. इत्यलम्.