टीव्हीतला खोटा गोरेपणा

दिवाळीत आमच्याकडे मोठा टीव्ही आला. तेलगावातल्या आमच्या बचतगटाच्या बायकांना मी हौसेने ‘फँड्री’ बघायला बोलावलं. नागराज मंजुळेंचा हा सिनेमा मी २०१४ साली थिएटरात पाहिला होता. उन्हात रापलेला, काळासावळा जब्या तेव्हापासून डोळ्यांसमोर होता. आमच्या टीव्हीवर मात्र तो पावडर थापल्यासारखा निळसर-गोरा दिसत होता! शेजारची सावळी पोर हळूच म्हणाली, “काकू, सिनेमात गरिबाघरचे पण गोरेच असतात का हो?” माझ्या काळजात चर्र झालं. जातीवरून, रंगावरून हिणवल्या गेलेल्या पोराची गोष्ट आणि त्याचा रंगच खोटा!

दुसऱ्या दिवशी दुपारची कामं उरकून रिमोट हातात घेतला. दुकानात ट्यूबलाइटच्या झगमगाटात आपला टीव्ही उठून दिसावा म्हणून चित्र भडक ठेवतात. पुष्कळदा तेच घरी येतं. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ असेल तर ते ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’वर करायचं. रंगाची छटा ‘कूल’वरून ‘वॉर्म’वर आणायची. सिनेमावाले पांढऱ्या रंगासाठी साधारण ६५०० केल्विनचं माप धरतात, ‘वॉर्म’ त्याच्या जवळ जातं. सुरुवातीला चित्र पिवळट वाटेल, पण दोन-चार दिवसांत डोळे सरावतात.

मग ब्राइटनेस. अंधाराचा प्रसंग लावा. काळ्या केसांच्या बटा दिसाव्यात, पण अंधार राखाडी होऊ नये. कॉन्ट्रास्टसाठी पांढरं धोतर बघा, चुण्या दिसल्या पाहिजेत. शार्पनेस कमी करा, नाहीतर चेहऱ्याभोवती पांढरी रेघ उमटते. सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत पळत असेल तर ‘मोशन’चं सेटिंग बंद करा. आणि हो, हे सगळं रोज टीव्ही बघता त्या वेळी, त्याच उजेडात करायचं. खर्च काही नाही. उलट झगमगाट कमी झाला की वीजही थोडी वाचते.

पुढच्या बैठकीला तोच सिनेमा पुन्हा लावला. ती पोर पुढे सरकून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, “काकू, हा तर आपल्यासारखाच आहे की!”

गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती पोरींच्या मनावर व्हायचा तो परिणाम करतातच. निदान आपल्या घरातल्या टीव्हीने तरी त्यात भर घालू नये. आज जमलं तर रिमोट हातात घ्याच.