गिळलेला राग जातो कुठे?

रिकाम्या तासाला पुन्हा बदली तास आला, तरी आपण 'चालेल' म्हणतो. नको होता, हे बोलत नाही. मनात मात्र उधारी साठते.

१९९३ मध्ये ग्रॉस व लेव्हन्सन यांनी विद्यार्थ्यांना हात कापण्याच्या शस्त्रक्रियेची फिल्म दाखवली. चेहऱ्यावर काहीही दिसू न देण्याची सूचना ज्यांना होती, त्यांची किळस कमी झाली नाही. त्वचेची विद्युतवाहकता, म्हणजेच घाम, मात्र इतरांहून अधिक वाढला. चेहरा शांत, शरीर नाही. प्रयोग काही मिनिटांचा. शाळेचे वर्ष मोठे असते!

१९७४ मध्ये फ्रॉइडेनबर्गर यांनी न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातील थकलेल्या, कडवट झालेल्या कार्यकर्त्यांच्या स्थितीला 'बर्नआउट' म्हटले. झोकून काम करणाऱ्यांनाच तो धोका अधिक. शिक्षक-खोलीतले काही चेहरे आपल्याला लगेच आठवतील.

मुख्याध्यापकांना यातले काही कळत नाही. त्यांनी फक्त 'चालेल' ऐकलेले असते.