जीपचा शाफ्ट का थरथरतो?

राजमाचीच्या कच्च्या रस्त्यासाठी जुनी जीप नव्याने बांधायची, तर लोक दुसरं इंजिन बसवतात आणि कमानींवर गाडी उंच करतात. मग वेग घेतला की ती थरथरते. चाकं बॅलन्स करूनही फरक पडत नसेल, तर शाफ्टचे कोन तपासा.

गिअरबॉक्सची फिरकी प्रोपेलर शाफ्ट मागच्या डिफरन्शियलपर्यंत नेतो. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. क्रॉस वाकून फिरतो खरा, पण एकसारखा वेग पुढे देत नाही. बांगडी तिरपी धरली की लंबगोल दिसते ना, तसंच इथे होतं: एका टोकाचं समान फिरणं दुसऱ्या टोकाला असमान पोचतं. प्रत्येक फेऱ्यात शाफ्ट दोनदा पुढे पळतो, दोनदा रेंगाळतो. कोन ३ अंश असेल तर हा फरक सुमारे ०.१४ टक्के, १० अंशांना १.५ टक्के, म्हणजे अकरापट! मिनिटाला ३,००० फेरे असतील तर सेकंदाला १०० हिसके.

उपाय म्हणजे दुसरा क्रॉस तेवढ्याच कोनात ठेवणं; तो पहिल्याचा फरक खोडून काढतो. इंजिन मागच्या बाजूला ३ अंश खाली झुकलं असेल, तर पिनियनचं नाक ३ अंश वर हवं. शाफ्टचे दोन्ही योकही एका रेषेत हवेत. सगळं सरळ रेषेत आणायची गरज नाही. उलट कोन शून्य झाला तर क्रॉसमधल्या सुया एकाच जागी दाबून खड्डे पाडतात.

तरी मधला शाफ्ट हिसके खातोच, म्हणून कोन लहान बरे. सीजे-३बी जीपचा व्हीलबेस जेमतेम ८० इंच. अर्धा मीटर शाफ्ट असलेली गाडी ५ सेंटीमीटर उचलली की शाफ्ट जवळपास ६ अंश जास्त तिरपा होतो. दीड मीटरच्या शाफ्टला तोच फरक २ अंशांचा.

गाडी चाकांवर उभी करून, नेहमीचं वजन ठेवून मोबाइलच्या कोनमापकाने कोन मोजा. जॅकवर मोजलेला कोन फसवा असतो. फरक आला तर कमानीखाली योग्य पाचर घाला.

एवढा खटाटोप कशाला? या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागे, शाफ्टच्या आधी असतो. खंडाळ्याच्या उतारावर मागचा शाफ्ट तुटला, तर टू-व्हील ड्राइव्हमध्ये इंजिनाचा अडसर आणि हँडब्रेक दोन्ही एकदम जातात. उरतो फक्त पायाखालचा ब्रेक.